मुदतीआधीचा हप्ता

कर्जाचे पैसे परत घेऊ नका, अशी विनवणी करायला आलेली बाई मी अख्ख्या नोकरीत एकच पाहिली. मुदत वाढवून मागणारे रोज यायचे. त्यांच्या घरची दुखणी, बारशी, लग्नं मला पाठ असायची. एक गृहस्थ तर मी लांबून दिसलो की लगबगीनं न्हाव्याच्या दुकानात शिरायचे. त्या भीतीपायी बिचाऱ्यांची दाढी कायम गुळगुळीत असायची. अशा लोकांची सवय झालेल्या माणसासमोर एक बाई येऊन उभी राहते आणि म्हणते, आमचे पैसे घेऊ नका. मी चष्मा काढून पुसला आणि बाईंना पुन्हा सांगायला लावलं.

पण आधी माझं काम काय होतं ते सांगतो. बँकेत नोकरी म्हटलं की लोकांना नोटा मोजणारा माणूस दिसतो. मी नोटांना फारसा हात लावला नाही. साठच्या दशकात जळगावच्या एका लहानशा सहकारी बँकेत चिकटलो, मध्ये काही वर्षं धुळ्याच्या शाखेत काढली आणि पुन्हा जळगावला आलो. माझ्याकडे घरकर्जं होती. घर बांधायला आम्ही पैसे द्यायचो आणि ते घर आमच्याकडे गहाण असायचं. गहाण म्हणजे काही कुणी घर उचलून बँकेत आणत नाही. माणूस त्यातच राहतो, चूल पेटवतो, पोरांची लग्नं करतो. फक्त घराचे कागद आमच्या कपाटात असतात आणि पैसे फिटेपर्यंत त्याला ते विकता येत नाही. वर्षातून एकदा मी जाऊन बघायचं, की भिंतींना तडे गेलेत का, परस्पर कुणाला भाड्यानं दिलंय का. थोडक्यात, लोकांच्या घरात शिरून इकडेतिकडे बघण्याचा मला पगार मिळायचा. स्वभावानं मी पहिल्यापासून भोचक. आमची ही म्हणायची, देवानं यांना नोकरी दिली नाही, यांची खोड भागवायची सोय केली.

मुदतीआधी कर्ज फेडणारे आमच्याकडे विरळा. खरं तर त्यात फायदा असतो. पहिल्या काही वर्षांत हप्त्यातला मोठा वाटा व्याजातच जातो, मुद्दल जागचं हलत नाही. जास्तीचे पैसे आधी भरले तर ते मुद्दलाला लागतात आणि पुढचं व्याज वाचतं. तरी लोक भरत नाहीत. धुळ्याला आमचे एक मारवाडी कापडवाले शेठजी होते. हातात पैसा खेळता, पण हप्ता भरायचे तो ठरल्या तारखेला, ना आधी ना नंतर. मी एकदा न राहवून विचारलं, जवळ आहेत तर फेडून मोकळे का होत नाही? शेठजींनी गज खाली ठेवला आणि म्हणाले, कर्ज हा पाहुणा आहे भाऊसाहेब, त्याला ठरल्या दिवशी निरोप द्यावा. आधी घालवायला गेलं की घरच्यांच्या ताटातलं काढून त्याला वाढावं लागतं. मी हसलो. पैसा दुकानात फिरवला तर जास्त कमावतो, हे सांगायची ही व्यापारी तऱ्हा, असं मला वाटलं.

जळगावला परत आल्यावर माझ्या हाताखाली सुकदेव नानांचं खातं आलं. सुकदेव नाना एसटीचे ड्रायव्हर, मूळचे शिंदखेड्याकडचे. शहराच्या कडेला नव्या प्लॉटांत त्यांनी दोन खोल्यांचं विटांचं घर बांधलं होतं, वर पत्रे. दोन मुली, मुलगा नाही. थोरली मंगल, तिचं नुकतंच नरडाण्याजवळच्या एका गावात लग्न झालेलं. नाना हप्ता तर भरायचेच, वर दर महिन्याला काहीतरी जास्तीचं आणायचे. खाकी कपड्यात, धुळीनं माखलेले, काउंटरवर पैसे ठेवायचे आणि विचारायचे, आता किती राहिले? आकडा ऐकला की मान डोलवून निघून जायचे. आमचे मॅनेजर त्यांच्याकडे बोट दाखवून इतर कर्जदारांना शिकवण द्यायचे. माझ्या डोक्यात मात्र भुंगा शिरला. जास्तीचे पैसे हा माणूस आणतो कुठून? आणि एवढी घाई कसली?

वार्षिक पाहणीला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा नाना नव्हते. त्यांच्या मंडळींनी, जिजाअक्कांनी, पाणी दिलं. भिंती चांगल्या, फरशी स्वच्छ, परसात कडुनिंब. आतल्या खोलीत पलंग होता, त्यावर पांढऱ्या अभ्र्याची उशी. आमच्याकडचा पुरुष डोक्याला तेल चोपडून झोपतो. कुठल्याही घरात जा, घरधन्याची उशी तुम्हाला तेलाच्या डागावरून ओळखता येते. ही उशी कोरी होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, नाना कुठं झोपतात? अक्का म्हणाल्या, आज जामनेरकडे, काल यावलकडे, परवाचं ठाऊक नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नाना मुक्कामी गाड्या मागून घेत होते. अशी गाडी संध्याकाळी निघते, शेवटच्या गावात रात्री थांबते आणि पहाटे माणसं घेऊन परत येते. ड्रायव्हर तिथंच गाडीत किंवा एखाद्या देवळात अंग टाकतो. त्याचा वेगळा भत्ता मिळतो. त्यावर सुटीच्या दिवशी जादा ड्युटी. तो सगळा पैसा आमच्याकडे येत होता.

त्यानंतर काही दिवसांनी अक्का बँकेत आल्या, ती ही सुरुवातीला सांगितलेली भेट. पदर नीट घेऊन त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“भाऊ, हप्ता घ्या, पन वरना पैसा लेऊ नका,” त्या म्हणाल्या. “घर शे, पन घरना मानूस घरमा नही.”

वरना म्हणजे वरचे, हप्त्याहून जास्तीचे. मी त्यांना नियम सांगितला. कुणी कर्ज फेडायला आला तर बँक नाही म्हणू शकत नाही, उलट खूश होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, धाकटीला ताप होता, तेव्हा मीच दवाखान्यात रात्र काढली. मंगलचं लग्न ठरलं ते मीच बोलून ठरवलं, नाना सुपारीच्या दिवशी थेट गाडीवरून आले. घराची वास्तुशांत झाली त्या रात्रीही त्यांची गाडी मुक्कामाला होती. हे घर कुणासाठी फेडताय, असं विचारलं तर म्हणतात, तुमच्यासाठी. एवढं सांगून त्या गेल्या.

आता माझ्यासारख्याला चैन कशी पडावी? मी दुपारी डेपोच्या कँटीनमध्ये गाठलंच नानांना. अक्का आल्या होत्या हे सांगितलं नाही, पण घाईचं कारण विचारलं. नाना मोजकं बोलणारे. चहा बशीत ओतून पिऊन झाला, मग म्हणाले, त्यांचा एक जोडीदार ड्रायव्हर चाळीसगावच्या घाटात गेला. त्यानंही घर बांधलं होतं, एका सावकाराच्या पैशावर. तेरावं झालं आणि सावकार दारात आला.

“साहेब, त्यांचं सामान मीच माझ्या गाडीच्या टपावर चढवलं,” नाना म्हणाले. “पाळणासुद्धा. तेव्हापासून हप्ता म्हटलं की मला घाट दिसतो.”

मी म्हटलं, बँक आहे, सावकार नाही, आम्ही असं कुणाला रस्त्यावर काढत नाही. नाना नुसते हसले. आखाजीच्या सणाला मंगल पहिल्यांदा माहेरी येणार होती. तिनं पाऊल टाकायच्या आत घर मोकळं करायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तिचा जन्म भाड्याच्या खोलीत झाला, लग्न गहाण घरातून झालं, निदान माहेरपण तरी आपल्या घरात व्हावं. थोडीच रक्कम राहिली होती. आखाजीच्या जादा गाड्या केल्या की झालंच.

कँटीनमधून परत येताना मी सायकल हातात धरून चालत आलो. अक्का खोटं बोलत नव्हत्या आणि नानाही नाहीत. कर्जाचा विचार करायला बँकेनं मला चांगलं शिकवलं होतं, पण माणूस आज घरात हवा की त्याच्यामागे घर हवं, हे कुठल्याच नियमात बसेना. आजही बसत नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी कुणाचं घर दिसलं की मी मनात तोच हिशेब मांडून बसतो.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी आखाजीबद्दल थोडं सांगायला हवं. तुमची अक्षय्य तृतीया ती आमची आखाजी, आणि आमच्याकडे ती दिवाळीलाही मागे टाकते. सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस. पण लेक आपली आपण पिशवी उचलून येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. तो व्याह्यांकडे बसतो, जेवतो, रीतसर विचारतो आणि मग लेकीला घेऊन निघतो. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मुराळी आला नाही, तर त्या पोरीला सासरी वर्षभर मान वर करायची सोय राहत नाही.

आणि याच दिवसांत एसटीला श्वास घ्यायला फुरसत नसते. गावोगावच्या लेकी माहेरी पोचवायला जादा गाड्या सुटतात. नानांनी त्या सगळ्या मागून घेतल्या होत्या. सगळ्या जिल्ह्याच्या लेकी ते आणणार, मग त्यांच्या लेकीला कोण आणणार? ते काम त्यांनी एका चुलतभावाकडे सोपवलं होतं. आखाजी तोंडावर आली आणि चुलतभाऊ तापानं अंथरुणाला खिळला.

अक्का संध्याकाळी आमच्या घरी आल्या. मी तुम्हाला भाऊ म्हणते, म्हणाल्या, म्हणजे तुम्ही मंगलचे मामा झालात. मामा मुराळी चालतो. मी आढेवेढे घेणार होतो, पण आतून आमची ही म्हणाली, जन्मभर पैसे वसूल केलेत, आता एक लेक वसूल करून आणा. झालं, माझी नेमणूक पक्की झाली.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी नरडाण्याला उतरलो आणि बैलगाडीनं त्या गावी गेलो. डोक्याला टोपी, हातात आंब्यांची करंडी. व्याही भला माणूस. त्यांनी बाज टाकली, पाय धुवायला पाणी दिलं. पण मुलीचे मामा लग्नात कसे दिसले नाहीत, असं त्यांनी विचारलंच. इथं माझी बुद्धी शेण खायला गेली. सरळ सांगितलं, मी तसा मानलेला मामा, बँकेत असतो, नानांचं घरकर्ज माझ्याकडे आहे. व्याह्यांचा चेहरा बदलला. विहीणबाई दाराआडून पुढं आल्या. आखाजीचा मुराळी म्हणून बँकेचा माणूस? घर जप्त वगैरे झालं की काय? मी घाईघाईनं नानांचं कौतुक करायला लागलो, की मुदतीआधी फेडणारा असा कर्जदार शोधून सापडायचा नाही, आणि त्यांना आत्तासुद्धा उसंत नाही. जितकं कौतुक करावं तितके त्यांचे चेहरे आणखी कोडं पडल्यासारखे होत गेले.

तेवढ्यात मंगल पाण्याचा तांब्या घेऊन आली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, नवी साडी, आणि कोपऱ्यात तिचं बोचकं बांधून तयार ठेवलेलं. तिनं मला नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावरून अंगणाकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. तिनं तांब्या खाली ठेवला.

वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. विहीणबाईंच्या मनात काय असेल ते असो, पण वाढताना हात आखडला नाही. जेवण झाल्यावर मी रीतसर विचारलं. व्याह्यांनी होकार दिला. मग मंगल समोर येऊन बसली आणि म्हणाली, मामा, मी येत नाही. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं तिची शोभा झाली म्हणून रुसली. तसं विचारलं तर तिनं मान हलवली.

“बाप लेवाले उना, ते मी येसू,” ती म्हणाली.

बाप आणायला आला तर येईन. मी समजावलं, तुझ्यासाठीच राबताहेत ते. ती जळगावच्या शाळेत शिकलेली. माझ्याशी मग शाळेतल्या मराठीत बोलायला लागली.

“मामा, लहानपणापासून बाबांवाचून आमचं चालतच आलं. आज मी तुमच्याबरोबर आले, की त्यांना पुन्हा कळेल, चालतं. एकदा तरी नाही चालत, हे त्यांना कळू द्या.”

सासूसमोर, सासऱ्यासमोर बोलली. पहिली आखाजी पणाला लावली होती पोरीनं. उद्या गावातल्या साऱ्या सुना माहेरी गेलेल्या असणार आणि ही एकटी विहिरीवर पाणी भरणार, हे मला दिसत होतं आणि तिला त्याहून जास्त दिसत होतं. आंब्यांची करंडी तिथंच ठेवून मी उठलो.

परतीला मी मुद्दाम नरडाण्याच्या स्टँडवर जाऊन जळगावची जादा गाडी पकडली, कारण तिच्यावर नानाच होते. गाडी सासुरवाशिणींनी आणि त्यांच्या मुराळ्यांनी खच्चून भरली होती. बोचकी, पोरं, हसणं, बांगड्यांचा आवाज. नानांनी मला चढताना पाहिलं आणि माझ्यामागे कोण चढतंय ते आरशात बघत राहिले. मी त्यांच्या मागच्या कठड्याशी गेलो.

“आजारी आहे का?” नानांनी विचारलं.

“नाही. तुम्ही आणायला आलात तर येईन म्हणाली.”

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली नाही. त्यानं पुन्हा दिली, मग हलली. बेटावद गेलं, अमळनेर गेलं. प्रत्येक थांब्यावर दोन-चार लेकी उतरायच्या आणि खाली उभे असलेले भाऊ-बाप बोचकं घ्यायला पुढे व्हायचे. नानांना गाडी थांबवून ते बघत बसावं लागायचं, कारण टपावरचं सामान उतरेपर्यंत निघता येत नव्हतं. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं सहज विचारलं, ड्रायव्हरदादा, तुमच्या लेकी आल्या का?

“एक आनानी शे,” नाना म्हणाले. एक आणायची आहे.

जळगावला गाडी लावून नाना सरळ कंट्रोलरच्या खोलीत गेले. आतलं मला ऐकू आलं नाही, पण काच होती, त्यामुळे दिसत होतं. सणाच्या दिवसाची सुटी मागितल्यावर कंट्रोलर काय करणार? त्यांनी हात वर केले, आवाज चढवला, दोनदा दाराकडे बोट दाखवलं. नाना तिथून हलले नाहीत. शेवटी एक तरणा, बिनलग्नाचा ड्रायव्हर हातातली पिशवी ठेवून आत गेला आणि नानांची उद्याची गाडी त्यानं आपल्या नावावर घेतली. जादाचे पैसेही अर्थातच त्याच्याकडे गेले.

आखाजीच्या संध्याकाळी मी भाजीच्या निमित्तानं स्टँडवर जाऊन उभा राहिलो. आखाजीला मंडई बंद असते हे घरून निघतानाच मला ऐकवण्यात आलं होतं. तिथं अक्का आधीच आलेल्या होत्या, धाकटीला घेऊन. आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता गाड्या बघत होतो. अमळनेरची गाडी उशिरा आली. आधी धोतर-टोपीतला एक माणूस उतरला, पांढराशुभ्र सदरा घातलेला. खाकीशिवाय नानांना मी कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला. ते वळले आणि त्यांनी मागून उतरणाऱ्या मंगलचं बोचकं हातात घेतलं.

व्याह्यांकडे नीट झालं म्हणाले. दोनदा जेवायला लावलं. पण गाडीत मागं बसून येणं फार जिवावर आलं. मंगल हसत सुटली, म्हणाली, आख्ख्या रस्त्यात बाबा पायानं फळी दाबत होते, ब्रेक मारताहेत असं वाटत होतं. अक्काही हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

नानांना मी दिसलो आणि त्यांचा चेहरा एकदम कर्जदाराचा झाला. ते जरा बाजूला येऊन म्हणायला लागले, साहेब, या महिन्यात राहिलेले सगळे भरणार होतो, पण आजच्या जादा गाडीचे काही आता... तेवढ्यात मंगल आमच्या मध्ये येऊन उभी राहिली.

“मामा,” ती म्हणाली, “आता हप्ता वेळेवर येईल. आधी नाही यायचा.”

नानांनी तोंड उघडलं, अक्कांकडे बघितलं आणि मिटलं. मग तिघंही माझ्याकडे बघत उभी राहिली, जणू हे ठरवायचा अधिकार माझ्याच हातात होता.

मी बँकेतर्फे म्हटलं, चालेल.